टोल्याचा हात

अंगावरून वारं गेलं, त्यात टोलेकाकांचा उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि दवाखान्यात घड्याळाचा पट्टा गेला. घड्याळ तेवढं चालू राहिलं. पट्टा नर्सनं कात्रीनं कापला आणि त्यात तिची काही चूक नव्हती. डाव्या हाताला सुई लावायची होती, मनगट सुजलं होतं, आणि शुद्ध हरपलेल्या माणसाचं बक्कल हळुवार सोडवत बसायला तिला वेळ नव्हता. पट्ट्याचे तुकडे आणि घड्याळ तिनं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लेकीच्या हातात दिलं.

लेक म्हणजे शिवणताई. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं, दारावर पाटी होती, आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या कमरेचा घेर तिला तोंडपाठ होता. पंचेचाळिशी उलटली तरी तिच्या लग्नाचं जमलं नव्हतं. आधी जमवणारे थकले, मग तीच म्हणाली की आता पुरे. आई गेल्यापासून घरात बाप आणि लेक दोघंच, आणि एकाचं दुसऱ्याशिवाय पान हलत नसे. अर्थात विचारलं असतं तर दोघांनीही कानांवर हात ठेवले असते.

टोलेकाका हे नाव शाळेतल्या पोरांनी दिलेलं. चौतीस वर्षं ते शाळेत शिपाई होते. व्हरांड्याच्या टोकाला रुळाचा एक तुकडा टांगलेला असे आणि तो ठोकायला हातभर लांबीचा लोखंडी दांडा. डाव्या मनगटावर बघायचं, उजव्यानं ठोकायचं, एवढंच काम. पण पाच मुख्याध्यापक आले नि गेले, टोला अर्ध्या मिनिटानंही चुकला नाही. मास्तरलोक आपली घड्याळं त्या टोल्यावर लावत आणि वर स्वतःचंच घड्याळ बरोबर असल्याची फुशारकी मारत.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी हे घड्याळ घेतलं आणि हौसेनं उजव्या हातात घातलं. दहाव्या दिवशी ते बंद पडलं. दुरुस्तीवाल्यानं डोळ्याला भिंग लावून आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "काम काय करतोस?" मग म्हणाला, "ठोकायच्या हातात घड्याळ घालायचं नसतं, बाळा. दणक्यांनी त्याचा जीव जातो." तेव्हापासून घड्याळ डाव्या हातात गेलं ते गेलं. दुरुस्तीवाल्याचं वाक्यही काकांनी जपून ठेवलं होतं, आणि कुणी उजव्या हातात घड्याळ घातलेलं दिसलं की ते त्याला ऐकवल्याशिवाय सोडत नसत.

आता खरी गोष्ट पायाची होती. व्यायाम करून घ्यायला एक बाई दिवसाआड येत. त्यांनी लेकीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "घरातल्या घरात वीस पावलं टाकून भागायचं नाही. रस्त्यावर चालायला हवं, रोज. हे दोन-तीन महिने हातचे घालवलेत तर पाय असाच राहील. मग खुर्ची आणि खाट, एवढंच."

काकांनी हे दाराआडून ऐकलं होतं. काठी होती, चपला होत्या, पाय कुरकुरत का होईना पुढे पडत होता. पण काका उंबऱ्यापर्यंत यायचे आणि मागे वळायचे.

"घड्याळ नाही हातात," ते म्हणायचे. "असं कसं जायचं?"

"मग काय झालं? कोण बघतंय?"

"चड्डीवर गेलो तरी कोण बघतंय? जाऊ तसाच?"

शिवणताईनं पहिल्याच आठवड्यात कापडी पट्टा शिवला, घड्याळाच्या दांड्यांतून ओवला आणि काकांच्या डाव्या मनगटावर छान गाठ मारून दिली. ती चहा ठेवायला आत गेली आणि परत आली, तेव्हा काका दातांनी गाठ सोडवत होते.

"मी लावत जाईन ना रोज," ती म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"दाढी तू करतेस. शर्टाची बटणं तू लावतेस. नाडी तू बांधतेस." काकांनी गाठ सोडवली आणि घड्याळ मांडीवर पडलं. "आता वेळ पण तूच बांध माझ्या हाताला."

काकांचा हट्ट एकच होता: आपलं घड्याळ आपण बांधायचं, मगच बाहेर पडायचं. आणि डाव्या मनगटावरचं घड्याळ बांधायला लागतो उजवा हात.

रोज सकाळी नऊ वाजता काका घड्याळ दोन गुडघ्यांत धरत आणि डाव्या हातानं चावी देत. मोजून बावीस वळसे. मग ते खिडकीच्या कट्ट्यावर उभं करून ठेवत आणि समोर खुर्चीत बसून राहत. शाळेच्या वेळा त्यांना पाठ होत्या. मधल्या सुट्टीच्या वेळेला ते खुर्चीत जरा सावरून बसत, तेवढीच काय ती हालचाल.

दुसऱ्या गावी राहणारा शिवणताईचा भाऊ फोनवरून सल्ले द्यायचा. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं कुरियरनं एक नवं घड्याळ पाठवलं, रबरी पट्ट्याचं, काळ्या काचेचं.

"पावलं मोजतं म्हणे हे," शिवणताई म्हणाली.

काकांनी ते उलटसुलट करून बघितलं. "चावी कुठून द्यायची?"

"चावी नाही लागत. आपोआप सगळं."

"मग यालाच पाठव फिरायला," काका म्हणाले आणि ते खोक्यात परत ठेवलं.

तेव्हा शिवणताईनं ठरवलं की असा पट्टा शोधायचा, जो एका हातानं लावता येईल. काका दुपारी झोपले असताना ती घड्याळ घेऊन बाजारात गेली. तिथं घड्याळांची तीन दुकानं. पहिल्यात भिंतभर पट्टे टांगलेले, काळे, तपकिरी, स्टीलचे, ताणले की लांब होणारेसुद्धा. तिला हायसं वाटलं. दुकानदारानं घड्याळ हातात घेतलं, मागून पुढून बघितलं आणि जिथं पट्टा अडकतो त्या दोन कानांमधल्या दांडीवर नख घासलं.

"दांडी डाग देऊन पक्की केलेली आहे, ताई. जुना माल. निघत नाही, त्यामुळं स्टीलचा पट्टा बसणारच नाही. चामड्याचा ओवावा लागेल, पण..." त्यानं दांडी मोजली. "सतरा मिलिमीटर. माझ्याकडे सोळा आहे, अठरा आहे. सतरा आता कुणी करत नाही."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथं सतराच होती, पण तेवढी पुरली. सोळाचा पट्टा दांडीवर इकडून तिकडे सरकायचा, अठराचा आत शिरायचा नाही. दुसऱ्या दुकानदारानं घड्याळ विकत मागितलं. तिसरा म्हणाला, "अशी घड्याळं आता घालत नाहीत, कपाटात शोभेला ठेवतात." शोभेला ठेवल्यासारखं तिच्या घरी खिडकीजवळ आधीच एक माणूस बसलेलं होतं. ती पाठ वळवून निघाली, तेव्हा तिसऱ्यालाच काय वाटलं कोण जाणे, त्यानं मागून हाक मारली. "जिन्याखालच्या सूतभरला विचारून बघा. पिशव्या, कमरेचे पट्टे करतो. डोकं फिरलेलं आहे, पण हात सरळ आहे."

एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली, उभं राहिलं तर डोकं आपटेल अशा जागेत, तो बसत असे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "सूतभर कमी झालं," "सूतभर जास्त," याखेरीज त्याच्या तोंडून फारसं काही निघत नसे, म्हणून हे नाव. समोर फळी, फळीवर आरी, मेण लावलेला दोरा, कातडं कापायची अर्धगोल सुरी. त्यानं घड्याळ बघितलं आणि त्याचा चेहरा पहिल्यांदाच जरा उजळला.

"होईल. कातडं दांडीवरून वळवून जागच्या जागी शिवावं लागेल. कुठल्या हातात घालतात?"

"डाव्या. पण उजवा हात चालत नाही त्यांचा. वारं गेलंय अंगावरून. लावायचं मात्र त्यांनाच आहे."

"मग उजव्यात घाला, डाव्यानं लावा. साधं बक्कल पुरे."

"तेच तर त्यांना नको आहे," ती म्हणाली, आणि तिनं टोल्यांची, रुळाच्या तुकड्याची, दुरुस्तीवाल्याच्या वाक्याची सगळी हकिकत सांगितली. सूतभरनं ती मधे एकदाही न बोलता ऐकली. मग खण उघडून एक पितळी कडी आणि एक दाबायचं बटण काढलं.

"असं करू. पट्टा कडीतून आधीच ओवलेला. हात आत घालायचा, टोक दातात धरून ओढायचं आणि मनगट फळीवर दाबायचं, की बटण बसलं. पण हे नेमकं बसायला हवं. त्यांना घेऊन या."

"ते येत नाहीत."

"का?"

"घड्याळाशिवाय घराबाहेर पडत नाहीत."

सूतभरनं तिच्याकडे बघितलं. "म्हणजे लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही."

"मी माप आणून देते."

"दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर मी सुरी चालवत नाही."

"तीस वर्षं मापंच घेते मी," शिवणताई म्हणाली. तिच्या गळ्यात टेप तशीच लटकत होती, ती काढायची राहून गेली होती. ती बघून सूतभर नरमला आणि त्यानं मनगटाचं नि दांडीचं, दोन्ही मापं लिहून आणायला कागद पुढे केला.

दुपारी काका झोपले की लहान मुलासारखे गाढ झोपत. शिवणताई खाटेपाशी गुडघ्यांवर बसली आणि तिनं त्यांच्या डाव्या मनगटाभोवती टेप गुंडाळली. आकडा बघून तिनं पुन्हा गुंडाळली. ती पाचसहा वर्षांची असताना याच मनगटाला दोन्ही हातांनी लोंबकळायची आणि काका तिला तसंच उचलून व्हरांडाभर फिरवायचे. आता टेप इतक्या लहान आकड्यावर मिळाली, की तिला वाईट वाटलं. कुणाला सांगण्यासारखं नव्हतं ते. तिनं कागदावर आकडा लिहिला, मग घड्याळाची दांडी मोजून तोही लिहिला, आणि सवयीनं दोन्ही मापांत माया धरली.

शिवणकामात माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड. माणूस जाड झाला, पोर वाढलं, तर उसवून मोठं करता येतं. माया न सोडणाऱ्या शिंप्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फिरकत नाही. तीस वर्षांत शिवणताईनं मायेशिवाय एकही माप लिहिलं नव्हतं. ती ते वेगळं ठरवून करत नव्हती, पेन्सिलच तसं लिहायची.

चार दिवसांनी काका झोपलेले बघून तिनं पुन्हा घड्याळ रुमालात गुंडाळलं आणि चोरासारखी घराबाहेर पडली. आपल्याच घरातली वस्तू नेताना दोनदा मागं वळून बघितलं. पट्टा तयार होता. तपकिरी कातडं, बारीक टाके, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. तो बघूनच तिचा जीव भांड्यात पडला. सूतभरनं पट्ट्याचं टोक दांडीशी नेलं आणि थांबला. मग त्यानं ते तिरकं करून बघितलं.

"दांडी किती मोजली होतीत?"

"सतरा."

"मग कागदावर एकोणीस कसे?"

"माया सोडली. दोन्हीकडून एकेक."

सूतभर हसला नाही. "कापडात ठीक आहे, ताई. हा धातू आहे. तो उसवत नाही आणि वाढत नाही."

"कडेनं कापा ना थोडं."

"कापलं तर टाके जातील." त्यानं पट्टा मनगटाच्या घेराएवढा गोल धरला. "इथंही सोडलेली दिसते. इतका सैल पट्टा दातांनी ओढून बसायचा नाही. घड्याळ फिरून मनगटाखाली जाणार, आणि ते सरळ करायला ते तुम्हाला हाक मारणार." त्यानं पट्टा फळीवर ठेवला. "का तसंच बरं वाटतंय तुम्हाला?"

त्यानं सहज विचारलं होतं, टोमणा मारायचा म्हणून नाही. म्हणूनच ते लागलं. शिवणताईनं घड्याळ उचललं, रुमालात गुंडाळलं आणि "येते" एवढंच म्हणून निघाली. वाटेत तिनं सूतभरला मनातल्या मनात बरंच काही सुनावलं. पण घर जवळ आलं तसं तिला आठवत गेलं की हल्ली काकांनी पाण्याचा पेला स्वतः उचलायच्या आधी ती तो त्यांच्या ओठांशी नेते. चमचा डाव्या हातात नीट बसायला लागला होता, तरी ती भरवते. उशीर होतो म्हणून, सांडतं म्हणून. आणि खरं सांगायचं तर, आवडतं म्हणून.

घरी काका जागे होते. खिडकीचा कट्टा रिकामा होता आणि ते त्या रिकाम्या जागेकडे बघत बसले होते.

"घड्याळ," ते म्हणाले.

तिनं रुमाल सोडून ते कट्ट्यावर ठेवलं. "पट्टेवाल्याकडे नेलं होतं."

"मला न विचारता."

"विचारून काय झालं असतं? नाहीच म्हणाला असतात."

"माझं घड्याळ, मी झोपलेला असताना. उद्या मलाही असंच रुमालात बांधून नेशील कुठंतरी."

"न्यायला काय, तुम्ही उंबरा ओलांडलात तर ना," शिवणताई म्हणाली. तिचा आवाज चढला. तिला तो उतरवता येईना. "तीन दुकानं पालथी घातली, त्या जिन्याखालच्या माणसाची बोलणी खाल्ली. सगळं कशासाठी, तर डाव्या हातासाठी. उजव्यात घाला ना, बाबा. डाव्या हातानं आरामात लावता येईल. कुणाची गरज नाही, माझीसुद्धा नाही."

"ठोकायच्या हातात घड्याळ घालायचं नसतं."

हे वाक्य तिनं जन्मभर ऐकलं होतं, आणि दवाखान्यातून आल्यापासून प्रत्येक वेळी मूग गिळून गप्प बसली होती. व्यायामाच्या बाई गप्प बसल्या होत्या, भाऊ फोनवर गप्प बसला होता. आज तिच्या तोंडून निघून गेलं.

"बाबा, तो हात आता ठोकत नाही."

उजवा हात त्यांच्या मांडीवर होता, सकाळी तिनं उचलून ठेवला होता तसाच, बोटं आत वळलेली. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. तिला वाटलं ते ओरडतील, निदान काठी आपटतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"जा, मशीनवर बस," ते म्हणाले. "गिऱ्हाईक येऊन जाईल."

ती मशीनवर बसली आणि तिनं एका पँटची घडी चुकीच्या बाजूनं शिवली. डोळ्यांत पाणी असलं की उलटंसुलटं कळत नाही. ती सगळी उसवावी लागली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजले तरी काकांनी चावी दिली नाही. घड्याळ संध्याकाळी कधीतरी बंद पडलं. शिवणताईला ते कळलं, कारण खिडकीपाशी केर काढताना तिला टिकटिक ऐकू आली नाही. तिनं हात पुढे केला. बावीस वळसे, काय लागतं द्यायला? मग तिनं हात मागे घेतला आणि केर भरून टाकला. तो दिवस गेला, पुढचाही गेला. जेवताना तिनं ताट काकांच्या समोर ठेवलं, चमचा डाव्या बाजूला ठेवला आणि स्वतःचं जेवण घेऊन समोर बसली. काकांनी निम्मं सांडलं आणि निम्मं खाल्लं. तिनं फडकं त्यांच्या डाव्या हाताशी सरकवलं आणि खाली बघून जेवत राहिली. व्यायामाच्या बाई येऊन गेल्या, त्यांना घरात कुणीतरी आजारी पडलंय असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांनी विचारलं, "तो माणूस दुकान किती वाजता उघडतो?"

"दहाला."

"आत्ता किती झाले?"

तिनं फोनमध्ये बघून सांगितलं. पावणेदहा.

"चपला दे," काका म्हणाले, आणि ती खाली वाकलेली बघून पुढे म्हणाले, "समोर ठेव फक्त."

चपलांना बराच वेळ लागला. मग काकांनी बंद घड्याळ उचलून शर्टाच्या खिशात टाकलं, काठी घेतली आणि उंबरा ओलांडला. शिवणताई अर्धं पाऊल मागून चालत होती. आपले हात आपोआप पुढे जातील या भीतीनं तिनं ते पाठीमागे एकमेकांत गच्च धरले होते. कोपऱ्यावर किराणावाला होता. काका दिसले की तो रोज वेळ विचारायचा, स्वतःच्या डोक्यावर भिंतीचं घड्याळ असताना.

"टोलेकाका, फार दिवसांनी. किती वाजले?"

"बंद आहे," काका म्हणाले आणि चालत राहिले. किराणावाल्यानं वर आपल्या भिंतीच्या घड्याळाकडे बघितलं. शिवणताईनं मान खाली घातली.

जिन्याखालच्या त्या जागेपर्यंत जाताना ते तीनदा थांबले. सूतभरनं नमस्कार केला नाही की चौकशी केली नाही. एक स्टूल पुढे सरकवलं, घड्याळ घेऊन कानाला लावलं आणि परत दिलं.

"चावी द्या याला. बंद घड्याळावर मी काम करत नाही. नंतर लोक म्हणतात, तुझ्याकडे आलं आणि बंद पडलं."

काकांनी घड्याळ गुडघ्यांत धरलं आणि चावी दिली. मोजताना त्यांचे ओठ हलत होते. सूतभरनं वेळ सांगितली, काकांनी काटे लावले. मग सूतभरनं खणातून पितळी कडी आणि बटण काढून फळीवर ठेवलं, कागदाची एक लांब पट्टी कापली आणि म्हणाला, "ठेवा हात."

काका काठीवर डावा हात ठेवून बसले होते. ते तसेच बसून राहिले. जिन्यावरून कुणीतरी खाली उतरलं, डोक्यावर पावलं वाजली आणि गेली. शिवणताईला वाटलं, आता उठतील आणि घरी चला म्हणतील.

काकांनी काठी फळीला टेकवून उभी केली. डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं, तो हात मांडीवरून उचलला आणि फळीवर ठेवला. त्याची बोटं मिटलेलीच होती. त्यांनी ती एकेक करून उघडली, अंगठा शेवटी, आणि तळवा फळीवर सपाट केला.

सूतभरनं कडी आणि बटण खणात परत टाकलं. एक साधं बक्कल बाहेर काढलं. कागदाची पट्टी त्या मनगटाभोवती गुंडाळली आणि ओढली.

"घट्ट होतंय?"

काका थोडा वेळ वाट बघत राहिले, हाताकडून काही निरोप येतो का म्हणून. "कळत नाही," ते म्हणाले. "या हाताला काही कळत नाही."

सूतभर पट्टी धरून थांबला. काकांनी मान वळवली. दवाखान्यातून आल्यापासून, आजच्या चपला सोडल्या तर, त्यांनी लेकीकडे एकही गोष्ट मागितली नव्हती. ज्या मिळाल्या त्या न मागता मिळाल्या होत्या.

"तू बघ गं," ते म्हणाले. "घट्ट झालंय का मला?"

शिवणताईनं पाठीमागचे हात सोडले आणि ती पुढे आली. तिनं करंगळी कागदाच्या खाली सरकवली. आत नाडी चालू होती.

"बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली, आणि बोट काढून घेतलं.